मालक कायम ‘अज्ञात’!

बालगुन्हेगाराचे वय अठरावरून खाली आणा, ही मागणी पुन्हा जोरात आहे. बाके वाजवायला ती सोयीची. तिला पैसा लागत नाही, माणसे लागत नाहीत आणि कुणा बड्या धेंडाचे दार ठोठावावे लागत नाही. पण रात्रीचे नदीपात्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्यातले ढोंग लगेच कळेल. चोरट्या वाळूचा ट्रॅक्टर पकडला जातो, चालवणारा सोळा वर्षांचा पोरगा सापडतो आणि पंचनाम्यात मालक ‘अज्ञात’ राहतो. ट्रॅक्टर काय आभाळातून पडला? नंबरप्लेट काढून टाकता येते. पण चेसिसला क्रमांक असतो, ट्रॅक्टरवर कर्ज असते, हप्ते कुणीतरी भरत असते. गावातल्या शेंबड्या पोरालाही ट्रॅक्टर कुणाचा ते ठाऊक असते. माहीत नसते ते फक्त सरकारला!

गोदावरी असो, गिरणा, भीमा की सिंदफणा. धंद्याची रीत एकच. पोरगा लहान असेल तर फाट्यावर बसून महसूल पथकाचे ‘लोकेशन’ द्यायचे. मिसरूड फुटले की खेपेवर ट्रॅक्टर हातात. पोर स्वस्त पडते, उलटून बोलत नाही आणि पकडले गेले तरी ‘सुटून येईल’ हा हिशेब पक्का. घरी बाप उचलीत अडकलेला, आईच्या दुखण्यापायी सावकार दारात. एका रात्रीच्या खेपा आईच्या कित्येक दिवसांच्या खुरपणीहून जास्त देतात. ट्रॅक्टर उलटला किंवा पात्रातली दरड अंगावर आली, तर मात्र तो कुणाकडे कामाला होता, हे कुणालाच आठवत नाही. पोराला मोह झाला म्हणता? तो मोह दाखवणारा कोण, ते आधी सांगा.

कायदा अपुरा आहे, हीसुद्धा थापच. मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार तीन ते दहा वर्षे कैद आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ मध्ये मुलांना बेकायदा कामांत वापरणाऱ्या प्रौढांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने तुरुंग दाखवला आहे. तिन्ही बोटे मालकाकडेच वळलेली. ही कलमे किती वाळूमाफियांना लावली, ते एकदा सभागृहात सांगा. सोळा वर्षांवरील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्याची सोय २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातच आहे. मग आणखी वय घटवून काय साधणार? मालक उद्या सोळाऐवजी चौदाचा पोरगा आणेल, इतकेच.

पोराने जावे तरी कुठे? शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात झटकतो. बालमजुरी कायदा अठरापर्यंत धोक्याच्या कामाला मनाई करतो, पण घरची चूल कशी पेटेल ते सांगत नाही. बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये ठरावीक मुलांनाच. तेही वेळेवर आले तर. सरकारने मोकळी सोडलेली ही चार वर्षे वाळूवाल्याने भरून काढली. शहरात तेच काम कोयतावाला ‘भाई’ करतो. आणि सरकारचे वाळू धोरण? सरकारी डेपोतून वाळू ६०० रुपये ब्रासने देण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. २०२५ मध्ये डेपो गुंडाळून पुन्हा लिलाव आले. धोरणे बदलली, रात्रीच्या खेपा बदलल्या नाहीत.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोघांचे बळी घेतले, तेव्हा अल्पवयीन आरोपीला जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध मिळाला. लोक संतापले, ते योग्यच. पण राग बंगल्यातल्या पोराचा आणि घाव झोपडीतल्या पोरावर, हा कुठला न्याय? बंगल्यातल्यासाठी वकिलांची फौज उभी राहते. वाळूच्या ट्रॅक्टरवरच्या पोराला जामीनदार मिळत नाही. ज्याच्यासाठी तो रात्र जागला, तो मालक ओळखही दाखवत नाही.

तेव्हा वयाची फूटपट्टी तूर्त बाजूला ठेवा. पुढच्या पंचनाम्यात मालकाचा रकाना भरा, त्या नावावर कलम ९५ लावा आणि ते न्यायालयात टिकवून दाखवा. मग वयाचे बोलू.