टॅग गायीच्या कानात, काट्याचं काय?

पुरवठादाराला शिस्त लावायची भाषा हल्ली सगळ्याच कंपन्या बोलतात. ॲप, सेन्सर, डॅशबोर्ड. माल कुणी दिला, कुठून आला, कसा होता, सगळं एका स्क्रीनवर. पण हा 'पुरवठादार' कोण, ते वेल्ह्याहून केळदकडे जाताना लागणाऱ्या आमच्या पासलीत येऊन बघा. इथे तो म्हणजे पावसाळ्यात भात लावणारी आणि दोन जनावरांचं दूध डेअरीला घालणारी बाई. शिस्त लावायची ती हिला.

जानेवारी 2024 मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर केलं. म्हशीचं दूध त्यात नव्हतंच. अट अशी की गायीच्या कानात 12 अंकी टॅग हवा, त्याची 'भारत पशुधन'वर नोंद हवी, मालकाचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. टॅगला माझा विरोध नाही. लसीकरणाला, जनावराच्या औषधपाण्याला त्याचा उपयोग आहे. पण गाय, मालक, खातं सगळं नंबरात बसवलं, आणि ज्या काट्यावर नि ज्या यंत्रावर दुधाचा दर ठरतो, ते मात्र विकत घेणाऱ्याच्या ताब्यात, त्याच्याच भरवशावर राहिलं.

त्या योजनेत 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या दुधाला डेअरीने 27 रुपये द्यायचे होते. त्याखाली प्रत्येक पॉइंटला 30 पैसे कापायचे. पॉइंट म्हणजे 0.1. आता फॅट 3.4 आणि एसएनएफ 8.3 लागलं तर तीन पॉइंट गेले, लिटरला 90 पैसे. रोज 10 लिटर घालणाऱ्या घराचे महिन्याला 270 रुपये. हा आकडा काढणारं यंत्र बहुतेक ठिकाणी दुधातून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजतं. नळीत सकाळचं दूध चिकटलेलं राहिलं, कॅलिब्रेशन हललं, की आकडा हलतो. बाईला दिसते फक्त पावती. तिच्या म्हशीने काल काय खाल्लं याचा हिशोब मागता येतो; यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे विचारलं तर गवळी-मास्तर हसतात.

वजनाचंही तेच. 100 ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा काटा वरचे 80-90 ग्रॅम गिळू शकतो. सकाळ-संध्याकाळ मिळून महिन्याला पाच लिटरपर्यंत दूध असंच जातं. काटे आणि मिल्कोमीटर यांची नियमित, बाहेरच्या यंत्रणेकडून तपासणी व्हावी, ही दूध उत्पादकांच्या संघटनांची मागणी काही आजची नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: भेसळ होते, म्हणून नजर ठेवावी लागते. होते की. पाणी घालणारे गावातही आहेत, मी त्यांची वकिली करत नाही. पण दूध किटलीतून टाकीत, टाकीतून टँकरमध्ये, तिथून पिशवीत जाईपर्यंत कितीतरी हातांतून जातं. त्या पुढच्या प्रत्येक हाताची नोंद बाईच्या मोबाईलवर का येत नाही? तिची नोंद मात्र त्यांच्या स्क्रीनवर रोज दोनदा जाते.

आणि मुळात तिच्याकडे थांबायची सोयच नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, भात कणगीत. दूध संध्याकाळपर्यंत नासतं. आषाढात रस्त्यावर पाणी आलं नि गाडी आली नाही, तर दूध घरातच विरजायचं. असा माल विकणाऱ्याशी वागताना बंधन विकत घेणाऱ्यावर हवं, हे युरोपीय संघाला 2019 मध्ये कळलं. त्यांच्या त्या वर्षीच्या निर्देशात नाशवंत शेतमालाचे पैसे 30 दिवसांत देण्याचं बंधन मोठ्या खरेदीदारावर आहे, आणि ऐनवेळी ऑर्डर रद्द करायला मनाई आहे. तिथे खरेदीदाराच्या वागण्याला कायदा आहे. आपण ॲप काढतो, तेही विकणाऱ्यावर नजर ठेवायला.

पावतीवर वजन, फॅट, एसएनएफ आणि दर आधीच छापले जातात. त्याच कागदावर यंत्र आणि काटा शेवटचा कोणत्या तारखेला, कुणी तपासला, हेही छापता येईल. वाद झाला तर दुसऱ्या यंत्रावर तपासायला दुधाचा नमुना बाजूला ठेवता येईल. अनुदानाच्या पुढच्या शासन निर्णयात टॅगच्या अटीशेजारी या दोन अटी डेअरीसाठी घाला. तारीख नसलेल्या पावतीवर कपात चालणार नाही, असंही त्यातच लिहा.