आधी काटा बघा!

आमचा एक सीनियर सध्या अमेरिकेत एम.एस. करतोय. तिथे त्याने सेकंडहँड निसान ३७०झेड घेतली आणि मला फोनवर विचारलं, "ऑइल कूलर बसवू का रे?" मी ताबडतोब म्हटलं, "बसव की!" वर्कशॉपमध्ये हे रुबाबात सांगितलं, तर सर एवढंच म्हणाले, "ऑइलचं तापमान किती जातं त्याच्या गाडीत?" माझी बोलती बंद!

२००९ मॉडेलच्या या गाडीचं ऑइल रेस ट्रॅकवर इतकं तापायचं की कंट्रोल युनिट स्वतःच आरपीएम आवरायचं. तिथे कूलर हवाच. पण आमचा सीनियर ती घेऊन फक्त कॉलेजला जातो, तेही कडाक्याच्या थंडीत! ऑइल नीट तापलंच नाही, तर त्यात मिसळलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. म्हणून तर फिल्टर आणि इंजिनच्या मध्ये बसणाऱ्या सँडविच प्लेटमध्ये थर्मोस्टॅट लागतो. ऑइल साधारण ८० अंशांच्या वर गेलं की मगच तो कूलरकडची वाट उघडतो. शिवाय जादा होज म्हणजे जादा जोड. एक जरी निसटला तर ऑइल रस्त्यावर आणि बेअरिंगं काही क्षणांत खलास.

गंमत म्हणजे या गाडीत ऑइलच्या तापमानाचा काटा कंपनीनेच दिलाय. आम्हा दोघांनाही तो बघायचं सुचलं नाही!

मित्रांनो, ताप न बघता औषध देणाऱ्या डॉक्टरला आपण नावं ठेवतो. मग न मोजता पार्ट सुचवणाऱ्या इंजिनिअरला काय म्हणायचं? मी त्याला पुन्हा फोन केला, "थांब. आधी महिनाभर काटा बघ."