पवनचक्कीचं भाडं एकाला, जमिनीचा भाव पडला शेजाऱ्याचा

मागच्या आठवड्यात वाशी तालुक्यातला एक शेतकरी पिशवीत करारनामा घालून माझ्याकडे आला. पवनचक्कीला जमीन दिलीय. कागद सगळा इंग्रजीत. सही करून वर्ष होत आलं आणि आता विचारतोय, "साहेब, यात काय लिहिलंय ते जरा बघता का?"

बघितलं. मुदत 29 वर्षं. वर पुन्हा मुदतवाढीची सोय, पण ती घ्यायची की नाही हे कंपनी ठरवणार. भाडं ठरावीक, वाढीचं कलमच नाही. आणि कागद नुसता नोटरी केलेला. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, हा 1908 चा कायदा आहे. उद्या भाडं थकलं तर हा कागद कोर्टात लंगडा पडतो.

"जमीन तुमच्याच नावावर राहते की हो!" हे एजंटाचं आवडतं वाक्य. सरकार काय म्हणतं ते बघा. भाडेपट्टा 10 वर्षांच्या वर आणि 29 पर्यंत असेल, तर मुद्रांक शुल्कासाठी जमिनीच्या बाजारमूल्याची 50 टक्के रक्कम धरतात. 29 च्या वर गेला की 90 टक्के! आणि करारात नूतनीकरण असेल तर तीही मुदत मोजतात. म्हणजे सरकारच्या लेखी हा जवळजवळ खरेदीखताचाच व्यवहार, अन् आपल्या लेखी "नुसतं भाडं".

त्या भाड्याचंही गणित करा. समजा वर्षाला 50 हजार ठरले आणि महागाई 6 टक्क्यांनी वाढत गेली. 29 व्या वर्षाच्या शेवटी त्या 50 हजारांची किंमत आजच्या जेमतेम 9 हजार 200 रुपयांएवढी राहील. पोरगं काय म्हणेल?

मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. बालाघाटच्या मुरमाड माळावर कुसळाशिवाय काही येत नाही, सोयाबीनला हमीभाव कागदावर, आणि सप्टेंबर 2025 च्या पावसानं भूम-परंड्यात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. अशा माळाला कुणी भाडं देत असेल तर घ्यावंच. खुशाल घ्यावं.

पण बांधापलीकडच्याचं काय? त्याच शेतकऱ्याच्या शेजाऱ्यानं कुठंच सही केलेली नाही. पोरीच्या लग्नासाठी दोन एकर काढलेत. गिऱ्हाईक आलं, वर तार बघितली, जड वाहनांसाठी केलेल्या रस्त्यानं अडवलेलं पाणी बघितलं आणि बोललेला भाव खाली आणून निघून गेलं. भाडं एकाला मिळालं, तोटा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. विहीर पाडायची, घर बांधायचं म्हटलं तरी आता तारेचं अंतर मोजायचं.

वाहिनीचं म्हणाल तर मोठ्या पारेषण वाहिन्यांसाठी केंद्रानं जून 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के, तारेखालच्या पट्ट्याला 30 टक्के. आपल्याकडं किती जणांना हे माहीत आहे? शेतात माणसं आली की आधी विचारा, कुठल्या आदेशानं आलात? विद्युत कायद्याच्या कलम 164 चे अधिकार मिळालेत का? आदेश दाखवा. "वरून परवानगी आहे" हा आदेश नव्हे.

कळंबला लागूनच केज तालुका आहे. तिथल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 ला खून झाला. पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या खंडणीतून हे घडलं, असं तपास यंत्रणेनं आरोपपत्रात म्हटलंय. एवढा पैसा या धंद्यात फिरतो, आणि शेजारच्या गटाला काय दर दिला हे मात्र गुपित! एकाच शिवारात दोघांना दोन भाव, आणि दोघांनाही "कुणाला सांगू नका" अशी तंबी. हे गुपित कुणाच्या फायद्याचं, ते सांगायला पत्रकार कशाला पाहिजे.

जिल्हाधिकारी साहेबांकडं मागणी साधी आहे. प्रत्येक प्रकल्पाचे दर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला लावा. करारनामा मराठीत, नोंदणीकृत आणि दरवर्षी भाडेवाढीसह. चक्की बंद पडल्यावर जमिनीतलं शेकडो घनमीटर काँक्रीट कोण काढणार, त्याची रक्कम आधीच ठेव म्हणून घ्या. आणि ज्यांच्या शेतावरून तार किंवा कडेनं रस्ता गेला, त्या बिनसहीच्या शेजाऱ्यांचा पंचनामा करा.

ज्यांच्याकडं असे इंग्रजी करारनामे पडून आहेत, त्यांनी झेरॉक्स घेऊन या. सोमवारी बाजारानंतर मी बसलेलोच असतो. वाचून दाखवतो, पैसे नाहीत. आणि ज्यांनी अजून सही केली नाही, त्यांनी तर आधी या.