नाईट शिफ्ट आणि मंत्रचळ

करंज्याचा कोळी पिढ्यानपिढ्या रात्री-अपरात्री होडी काढत आला आहे. मग शेजारच्या न्हावा-शेवा बंदरात नाईट शिफ्ट करणाऱ्याची एवढी काळजी कशाला, असं उरणमध्ये कुणीही विचारील. पण भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. शिफ्ट मात्र आठवडा संपला की एकदम आठ तासांची उडी मारते, आणि मेंदूतल्या घड्याळाला ती झेपत नाही.

१९८९ साली बंदर सुरू झालं. ते, भोवतालची कंटेनर यार्डं, ओएनजीसीचा प्रकल्प आणि बोकडविऱ्याचं वीज केंद्र, सगळं चोवीस तास चालतं. रात्रपाळीने साखर आणि रक्तदाब बिघडतो, एवढं आता कामगारही बोलतात. मंत्रचळाचं, म्हणजे ओसीडीचं नाव कुणी काढत नाही. गॅस बंद केला का हे दहा वेळा पाहणं, कातडी सोलवटेपर्यंत हात धुणं, नकोसा विचार डोक्यातून न जाणं. घरचे याला ‘स्वभाव’ म्हणतात आणि विषय संपतो.

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात मेरेडिथ कोल्स यांच्या गटाने मंत्रचळाची लक्षणं असलेल्या लोकांच्या झोपेची आठवडाभर नोंद ठेवली. ज्या रात्री झोपायला उशीर झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारांवरचा आपला ताबा कमी झाल्याचं त्यांना जाणवलं. अभ्यास लहान होता, त्यातली माणसं पाळीची नव्हती. त्यामुळे रात्रपाळीने मंत्रचळ होतो, असं म्हणणं उतावीळपणाचं ठरेल. उलट, कुलपं तपासण्यातच मध्यरात्र उलटत असल्याने झोप लांबत असेल, हेही शक्य आहे.

तरीही वार्षिक तपासणीत रक्त-लघवी बघणाऱ्या डॉक्टरांनी ‘झोपता किती वाजता?’ एवढं विचारायला काय हरकत आहे? आणि माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असल्याने पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकवली तर शरीराला सोपं जातं. उलट्या क्रमाने पाळ्या लावणाऱ्या व्यवस्थापनांनी आणि त्यावर गप्प बसणाऱ्या युनियननी हे मनावर घ्यावं.

मंत्रचळावर वर्तनोपचार आहेत, औषधं आहेत. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, आणि रात्रपाळीतही तो लागतो.