छाटणी म्हणा, पण अर्थ विसरू नका

द्राक्षबागेत वर्षातून दोनदा छाटणी होते. वेल नव्याने फुटतो खरा, पण छाटलेली काडी बांधावरच वाळते. मालकवर्ग वेलाचे गुणगान करतो. आम्ही काडीबद्दल बोलतो आहोत.

औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली व्याख्या आली: शिस्तभंगाची शिक्षा सोडून अन्य कोणत्याही कारणाने मालकाने सेवा संपवणे म्हणजे कामगार कपात. इतके स्पष्ट शब्द! तरी बार्शी लाइट रेल्वे सरकारने ताब्यात घेतली तेव्हा काढलेल्या कामगारांना सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये सांगितले, चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे तेवढीच कपात, तुमची नव्हे. १९५७ मध्ये अशा कामगारांच्या भरपाईसाठी कायदा दुरुस्त करावा लागला. व्याख्येचा व्यापक अर्थ घटनापीठाने मान्य केला तो १९९० साली.

मग शब्द तसाच ठेवून आकडा हलवण्याची युक्ती निघाली. कपातीपूर्वी सरकारी परवानगीचे बंधन १९७६ मध्ये ३०० कामगारांच्या कारखान्यांना होते, १९८२ च्या दुरुस्तीने ते १०० वर आले. जयपूरच्या विधानसभेने २०१४ मध्ये राजस्थानपुरता हा आकडा पुन्हा ३०० केला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तोच उचलला. जयपूरच्या कायद्याच्या नावात ‘छंटनी’ नव्हती बरे का, ‘संशोधन’ होते!

तेव्हा सभासदांनो, नोटिशीत ‘पुनर्रचना’ लिहिलेले असो वा ‘राइटसायझिंग’, वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार मागा. अर्जात ‘कपात’ हाच शब्द लिहा.