वयस्कांना रक्त चढवताना फुफ्फुसांकडेही लक्ष हवे

घरातले वडीलधारे दवाखान्यात दाखल झाले आणि डॉक्टर म्हणाले, ‘हिमोग्लोबिन कमी आहे, दोन बाटल्या रक्त लागेल’, की आपली सगळी धावपळ रक्तदाता शोधण्यात जाते. मोहल्ल्यातली पोरं ब्लड बँकेत पोहोचतात, रक्त मिळते, बाटली लागते आणि आपण निःश्वास सोडतो. खरे तर लक्ष ठेवण्याची वेळ तिथूनच सुरू होते.

चुकीच्या गटाच्या किंवा दूषित रक्ताची भीती सर्वांना ठाऊक आहे. फुफ्फुसांना होणाऱ्या इजेबद्दल मात्र फार कमी बोलले जाते. ती दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकाराला ‘टॅको’ म्हणतात. रक्त चढवताना शरीरात द्रवाचा भार वाढतो, हृदयाला तो पेलवत नाही आणि फुफ्फुसात पाणी साचते. दुसऱ्याला ‘ट्राली’ म्हणतात. यात दात्याच्या रक्तातील काही प्रतिपिंडे रुग्णाच्या पांढऱ्या पेशींना चेतवतात आणि फुफ्फुसांना सूज येते. ट्राली साधारण सहा तासांच्या आत दिसतो, टॅकोला बारा तासही लागू शकतात. दोन्हीत अचानक धाप लागते आणि ऑक्सिजन उतरतो. टॅकोत बहुधा रक्तदाब वाढतो आणि लघवी वाढवणारे औषध कामाला येते. ट्रालीत रक्तदाब अनेकदा घसरतो आणि ते औषध उपयोगी पडत नाही. म्हणून निदान वेळेत होणे गरजेचे.

टॅकोचा धोका वयस्कांना जास्त. हृदय थकलेले, किडनी मंदावलेली, वजन कमी, त्यात सलाईनही चालू असते. तरण्या माणसाला सहज झेपणारी बाटली त्यांना जड जाते. अडचण अशी की, धाप लागली तरी ‘वय झालंय, छातीत कफ असेल’ म्हणून विषय संपवला जातो.

दुसरा प्रश्न, रक्त लागतेच का? अमेरिका व कॅनडात खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झालेल्या २०१६ रुग्णांवरील अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ऐंशीच्या पुढे होते. हिमोग्लोबिन दहाच्या खाली येताच रक्त दिलेले आणि आठच्या खाली गेल्यावर किंवा त्रास दिसल्यावरच दिलेले, असे दोन गट होते. दोन महिन्यांनंतर मृत्यू आणि चालण्याची क्षमता यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे ‘ताकद यावी म्हणून एक बाटली’ हा आपला आग्रह नेहमीच फायद्याचा नसतो. अर्थात मोठा रक्तस्राव किंवा हार्ट ॲटॅक असेल तर हिशेब वेगळा. तिथे डॉक्टरांचाच निर्णय मानावा.

धोका कमी करता येतो, हे ब्रिटनने दाखवले. गरोदरपणामुळे काही स्त्रियांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे तयार झालेली असतात. म्हणून २००३ च्या अखेरीपासून तिथे प्लाझ्मासाठी पुरुष दात्यांना प्राधान्य दिले गेले आणि ट्रालीच्या नोंदी झपाट्याने घटल्या. हे शक्य झाले, कारण तिथे १९९६ पासून गंभीर दुष्परिणामांची नोंद ठेवली जात होती. भारतात अशी योजना, हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम, १० डिसेंबर २०१२ ला सुरू झाली. पण ती स्वेच्छेच्या पायावर उभी राहिली. ज्या दवाखान्यातून नोंदच जात नाही, तिथल्या मृत्यूचे खरे कारण कागदावर येणार कसे? आमच्या मते प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ही नोंद सक्तीची व्हायला हवी.

तोवर घरच्यांनी एवढे तरी करावे. हृदय-किडनीचा आजार, पायावरची सूज, चालू औषधे आधीच सांगावीत. ‘दोनऐवजी एक बाटली देऊन पुन्हा तपासता येईल का?’ आणि ‘बाटली सावकाश सोडता येईल का?’ हे अदबीने पण जरूर विचारावे. बाटली स्वतःहून कमी-जास्त करू नये. पहिली पंधरा मिनिटे कुणीतरी खाटेजवळ बसावे आणि रात्रभर नजर ठेवावी. धाप, खोकला, थंडी-ताप किंवा बेचैनी दिसताच सिस्टरला हाक मारून रक्त थांबवायला सांगावे.

ईद-ए-मिलादच्या रक्तदान शिबिरांत आपले तरुण रांगा लावतात, याचा आम्हाला अभिमान आहे. त्याच शिबिरात या चार गोष्टींचा एक फलक लावला, तर दिलेले रक्त आणखी सुरक्षितपणे कामी येईल.