तरंगणाऱ्या माशांचा पंचनामा होतो, पोहणाऱ्यांचं काय?

खाडीत मेलेल्या माशांचा खच पडला की काय होतं ते आपल्याला आता पाठ आहे. व्हिडिओ फिरतात, चॅनेलवाले येतात, सरकारी माणसं बाटलीत पाणी भरून नेतात. मग उत्तर येतं : पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला. बहुतेक वेळा ते खरंही असतं. सांडपाणी आणि ओहोटीचं उथळ पाणी एकत्र आलं की मासा गुदमरतो. विषय संपला.

मला काळजी वाटते ती न मेलेल्या माशाची.

ठाणे खाडीचंच घ्या. साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने हिच्या काठावर आहेत. कारखान्यातून येणारं शिसं, कॅडमियम, तांबं, पारा पाण्यात फार वेळ तरंगत नाही. गाळाच्या कणांना चिकटतं आणि खाली चिखलात बसतं. म्हणजे वरचं पाणी बाटलीत भरलं तर अहवाल बरा येऊ शकतो, आणि खाली चिखलात कित्येक दशकांचा हिशोब पडलेला असतो. आपला निवटा त्याच चिखलात बीळ करतो, तिथलंच शेवाळ आणि किडे खातो. त्याच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही, पण त्याला कोणी विचारत नाही.

मासा धातू दोन वाटांनी घेतो, कल्ल्यातून आणि पोटातून. कॅडमियम तर चक्क कॅल्शियमच्या वाटेने कल्ल्यातून आत शिरतं, शरीराला फरक कळत नाही. कल्ल्यांवर चिकट थर धरतो, पापुद्रे सुजतात, श्वास अपुरा पडतो. यकृत धातूला बांधून ठेवायला खास प्रथिनं बनवत बसतं. ती ताकद वाढीतून आणि गाबोळीतून जाते. तांब्याने माशाचं नाक बधिर होतं, मग शत्रू जवळ आला तरी वास लागत नाही. शिशाने कण्याला बाक येतो. अंडी आणि पिल्लं सगळ्यात नाजूक, ती दिसायच्या आधीच जातात. यातलं काहीही पाण्यावर तरंगत नाही. ‘यंदा मासळीच नाही रे’ एवढंच ऐकू येतं.

पाऱ्याची गोष्ट आणखी वाईट. हवा नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो माशाच्या मांसातच राहतो. साफ करा, तळा, जात नाही. छोट्या माशातून शिंगाळ्यात, जिताड्यात चढत जातो. जपानच्या मिनामाताने 1956 मध्ये हे जगाला दाखवलं. कॉस्टिक सोडा बनवायला पारा वापरायची जुनी पद्धत आपल्याकडे आता बंद झाली, चांगलंच झालं. पण कुठल्याही खाडीत गाळात बसलेला पारा कायदा आला म्हणून उठून जात नाही.

आणि कायद्याचं बघा. 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मर्यादेनुसार नदीत सोडायच्या पाण्यात शिसं लिटरला 0.1 मिलिग्रॅम चालतं, समुद्रकिनारी 2.0. वीसपट! समुद्र मोठा, विरून जाईल, हा हिशोब. पण खाडी म्हणजे उघडा समुद्र नव्हे हो. ओहोटीला गेलेलं बरंचसं भरतीला परत येतं.

2015 ला फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 ला रामसरचा दर्जा मिळाला. आनंद आहे, फोटो मीही टाकले. पण पाहुण्यांचं कौतुक करताना घरच्या बोईटाची तब्येत कोणी बघितली?

हे बोललो तेव्हा बाजारातली ओळखीची मावशी म्हणाली, “तू लिवशील रे बाला, मंग माझी पाटी कोन घेनार?” तिचं बरोबर आहे. विष सोडणारा एक आणि धंदा बुडणार तिचा. म्हणूनच मी ‘खाडीचा मासा खाऊ नका’ असं लिहीत नाहीये. मोजल्याशिवाय तसं म्हणणं तिच्यावर अन्याय आहे, आणि न मोजता ‘सगळं ठीक आहे’ म्हणणं तिच्यावरही आणि आपल्यावरही. तिच्या घरात तर रोज हाच मासा शिजतो.

मागणी साधी आहे. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि नंतर, चिखल आणि जिवंत मासा दोन्ही तपासा. निवटा, बोईट, शिंगाळा, खेकडा. कल्ले, यकृत आणि मांस वेगवेगळं. आकडे मराठीत कोळीवाड्याच्या फळ्यावर लावा. मर्यादा ओलांडली असेल तर भरपाई सोडणाऱ्याकडून घ्या, आणि ती पाटीवालीपर्यंतही पोचू द्या, फक्त होडीवाल्यापर्यंत नको.

तोवर पुढच्या वेळी मासे तरंगले आणि बाटलीवाले आले, तर तिथे जो कोणी उभा असेल त्याने एवढंच विचारा : “साहेब, चिखल घेतलात का? जिवंत मासा घेतलात का?”